संत पॅट्रिक यांनी आयर्लंडमधून साप हाकलले, एवढेच ऐकून आहे. त्यांचे खरे कार्य कोणते?

आयर्लंडमध्ये हाकलण्यासाठी साप नव्हतेच. हिमयुगानंतर ते त्या बेटावर पोहोचलेच नाहीत. या कथेमुळे मूळ माणूस झाकला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पाचव्या शतकातील या बिशपचे दोन लॅटिन लेख आजही उपलब्ध आहेत: ‘कन्फेसिओ’ हे आत्मनिवेदन आणि कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांना लिहिलेले पत्र.

आत्मनिवेदनानुसार त्यांचे घर ब्रिटनमध्ये होते, वडील डीकन (धर्मगुरूखालच्या पदाचे चर्चसेवक) व आजोबा धर्मगुरू होते; वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास लुटारूंनी त्यांना आयर्लंडला पळवून नेले आणि तेथे सहा वर्षे गुलामीत, बर्फापावसात पहाटे उठून प्रार्थना करीत, त्यांनी जनावरे राखली. पळून घरी परतल्यावर, आयर्लंडचे लोक आपल्याला पुन्हा बोलावत आहेत असे स्वप्न त्यांना पडले आणि पुढे ते तेथे धर्मप्रसारासाठी गेले. (तेथील पहिले बिशप मात्र ते नव्हेत, पोप सेलेस्टाईन यांनी 431 मध्ये पॅलेडियस यांना पाठवल्याची नोंद आहे.) त्यांनी हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला, आणि भाविक स्त्रियांनी वेदीवर ठेवलेले दागिने, त्या नाराज झाल्या तरी, परत केले.

माझ्या मते त्यांची थोरवी सर्वाधिक दिसते ती त्या पत्रात. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या, अंगावर शुभ्र वस्त्रे आणि कपाळावर अभिषेकाचे तेल असलेल्या माणसांपैकी काहींना कोरोटिकसच्या सैनिकांनी कापून काढले आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून नेले. पॅट्रिक यांनी लहानपणापासून शिकवलेल्या एका धर्मगुरूच्या हाती, बंदिवानांना सोडा, अशी विनंती पाठवली. सैनिकांनी तिची टर उडवली. तेव्हा त्यांनी दुसरे, खुले पत्र लिहिले: या खुन्यांबरोबर कोणीही जेवू नये, त्यांचे दान स्वीकारू नये, आणि हे पत्र सर्वांसमोर, खुद्द कोरोटिकससमोरही, वाचले जावे. हे सैनिक नावाने ख्रिस्तीच होते, आणि स्वधर्मीयांना असे खडसावणारा स्वतः गुलामी भोगलेला होता.

दरवर्षी 17 मार्चला त्यांचा सण होतो, जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रोग पॅट्रिक डोंगरावर यात्रेकरू चढतात, आणि आर्मा हे आयर्लंडमधील प्रमुख धर्मपीठ त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. दंतकथा मात्र फार लवकर वाढल्या. सातव्या शतकातील चरित्रकाराने कोरोटिकसचा शेवटही चमत्कारातच केला: त्याचा म्हणे कोल्हा झाला.