बेंजामिन : उजवीकडचा की दक्षिणेकडचा?

प्रश्न असा आहे : 'मुलाच्या वर्गात बेंजामिन नावाचा मित्र आहे. नावांच्या यादीत त्याचा अर्थ "उजव्या हाताचा मुलगा" असा दिलाय. हा काय अर्थ झाला? आणि मराठी बायबलमधला बन्यामीन तो हाच का?'

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून आधी तो. हो, हाच. मूळ हिब्रू उच्चार 'बिन्यामिन'च्या जवळचा. लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत येताना त्यातल्या 'य'चा 'ज' झाला. याकोबचा जेकब आणि योसेफचा जोसेफ झाला तो असाच. यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी करणाऱ्या आपल्याला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

आता अर्थ. 'बिन' किंवा 'बेन' म्हणजे मुलगा आणि 'यामिन' म्हणजे उजवा, त्यामुळे यादी चुकलेली नाही, फक्त अर्धवट आहे. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात गोष्ट येते. बेथलेहेमच्या वाटेवर राहेल बाळंत होते आणि त्यातच जाते. जाता जाता ती बाळाचं नाव ठेवते 'बेन-ओनी', माझ्या दुःखाचा मुलगा. बाप याकोब ते बदलून बिन्यामिन करतो. आईच्या मरणाची आठवण पोराने जन्मभर नावात वागवू नये, असं त्याला वाटलं असावं. इथे 'उजवा' म्हणजे शुभ, लाडका, भरवशाचा असं घेतलं तर मराठी माणसाला वेगळं काही समजावावं लागत नाही. आपण 'साहेबांचा उजवा हात' म्हणतो, 'थोरलीपेक्षा धाकटी उजवी' म्हणतो आणि कोकणात देवाला लावलेलं फूल उजवीकडून पडलं की उजवा कौल मिळाला म्हणून निर्धास्त होतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. हिब्रूत 'यामिन' म्हणजे दक्षिण दिशासुद्धा. 'उत्तर आणि यामिन तूच निर्माण केलीस' अशी ओळ बायबलमधल्या ८९व्या स्तोत्रात आहे, आणि तिथे उजवा हात घेऊन चालतच नाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात कुठे येतो ते बघा. आपल्या 'दक्षिण' शब्दाचंही हेच आहे. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, म्हणून तर देवाला उजव्या हाताला ठेवून घालतो ती प्रदक्षिणा. दोन भाषांची कुळं वेगळी, एकमेकींकडून उसनवारी नाही, पण उभं राहायची जागा एकच. हिब्रूत 'केदेम' म्हणजे समोर, पूर्व दिशा आणि प्राचीन काळही, जसं आपलं 'पूर्व' आणि 'पूर्वी'. 'आखोर' म्हणजे पाठीमागे, आणि पश्चिमेलाही तोच शब्द येतो. आपल्या 'पश्चिम'मध्येही तो मागचा 'पश्चात्' बसलेला आहेच. मला स्वतःला या चौकटीपुढे नावाची गोष्टसुद्धा फिकी वाटते.

अरबीतही हाच हिशोब. येमेन हा देश उजवीकडचा, म्हणजे दक्षिणेचा. आणि 'शमाल' म्हणजे उत्तर, हा शब्द डाव्या हाताच्या 'शिमाल'चा सख्खा भाऊ.

मग बिन्यामिन म्हणजे 'दक्षिणेकडचा' का? बऱ्याच अभ्यासकांचा कल तिकडेच आहे, माझाही. याकोबाच्या मुला-नातवांच्या नावांनी चालणाऱ्या इस्राएलच्या वंशांच्या वाटण्या झाल्या त्यात बन्यामिनाचा मुलूख एफ्राइमच्या लगेच दक्षिणेला, यरुशलेमच्या अंगाला येतो. शेजाऱ्यांनी 'खालचे, दक्षिणेचे लोक' म्हटलं असणार, जसं उत्तरेत मराठ्यांना दखनी म्हणत. शिवाय असं नाव पाडायची रीत जुनी आहे. सीरियात फुरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या मारी या शहराचं उत्खनन १९३३ साली सुरू झालं. तिथे हजारो मातीच्या पाट्या निघाल्या. त्यांतल्या इ.स.पू. अठराव्या शतकातल्या पाट्यांत टोळ्यांचे दोन गट भेटतात, 'बिनू यामिना' आणि 'बिनू सिमआल', उजवीकडचे आणि डावीकडचे. हे बायबलमधलेच बन्यामिनी, असं मात्र कोणी समजू नये. सारखी आहे ती नावाची घडण.

यातला 'मुलगा'ही फार शब्दशः घ्यायचा नाही. हिब्रूत तीस वर्षांचा माणूस 'तीस वर्षांचा मुलगा' असतो. हा 'बेन' बऱ्याचदा आपल्या 'चा'चं नाहीतर 'कर'चं काम करतो. त्याचं अनेकवचनी रूप तुमच्या कानावरून गेलेलं आहे : बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. अलिबाग-पेणच्या बाजूला तेल गाळून राहिलेल्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या या मराठी ज्यूंनी आडनावं घेतली ती गावांवरून, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी. त्या चालीवर बिन्यामिनचं भाषांतर करायचं झालं तर मी बेधडक 'दक्षिणकर' करीन.

आणखी एक व्युत्पत्ती सांगून ठेवतो. शोमरोनी (इंग्रजीत समॅरिटन) लोकांच्या तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या त्यांच्या प्रतीत, हे नाव 'बिन्यामिम' असं आहे, 'यामिम' म्हणजे दिवस. दिवस म्हणजे सरलेलं वय, असं धरून 'बापाच्या म्हातारपणी झालेला मुलगा' असा अर्थ लावतात. गोष्टीशी जुळतो, पण मला तो मागाहून बसवलेला वाटतो.

मुलाच्या मित्राला सांगण्यासारखी गोष्ट मात्र बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकात आहे. शेजारच्या मवाब देशाच्या राजाला मारणारा एहूद बन्यामिनी होता आणि डावखुरा होता. त्याने तलवार लपवली ती उजव्या मांडीला. पुढे त्याच पुस्तकात बन्यामिनांच्या फौजेतले सातशे निवडक गोफणवाले येतात. केसावर नेम धरला तरी चुकणार नाहीत असे, आणि सातशेच्या सातशे डावखुरे.