वाचक विचारतात : कॅम्परव्हॅन, मित्रमंडळी आणि वाटेतले खोळंबे

प्रश्न : आम्ही चौघं कॅम्परव्हॅन घेऊन निघालो होतो. एकाच जागी दोन रात्री मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज बंद, दिवे मिणमिणते आणि सेल मारला तर नुसती टकटक. आतल्या सामानासाठी वेगळी बॅटरी असताना इंजिनाची बॅटरी कशी उतरली?

उत्तर : बॅटऱ्या दोन असल्या तरी त्या खरोखर वेगळ्या होतात का, हे आधी बघा. दोन्हींच्या मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असतो. इंजिन चालू असताना त्याने दोघींना जोडायचं आणि बंद झाल्यावर तोडायचं. त्याचे पॉइंट चिकटले की आतला फ्रीज इंजिनाच्या बॅटरीवरही जेवायला बसतो. तपासायला मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारं यंत्र) पुरतो. इंजिन बंद करून अर्धा तास थांबा, मग आतले दिवे आणि पाण्याचा पंप चालू करून इंजिनाच्या बॅटरीवरचा आकडा बघा. तो आतल्या बॅटरीबरोबर घसरत असेल तर रिले बदला. घसरत नसेल, तर कोणीतरी फ्रीजची वायर थेट इंजिनाच्या बॅटरीला दिली आहे का ते शोधा. जुन्या, हौसेने बांधलेल्या गाड्यांत हे सर्रास सापडतं.

आता आतली बॅटरी. ४५ वॅटचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालताना साधारण ४ अँपिअर ओढतो. दिवसातले आठ तास कॉम्प्रेसर फिरला तर ३० ते ३२ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की जाते तेवढी वीज) गेले. उकाड्यात बारा तास फिरला तर ४८. दिवे, पंप आणि चौघांचे फोन मिळून आणखी दहा धरा. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात ५० च. दुसऱ्या रात्री ती संपणारच होती. स्वस्थ पडलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. फ्रीज चालू असताना घेतलेला आकडा खोटा खाली दिसतो, त्यावर जाऊ नका.

‘तासभर गाडी पळवली की भरते’ हाही गोड गैरसमज. लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, त्याला काही तास लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतली ८० टक्के वीज बिनघोर वापरता येते, पण ती बसवाल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे करंट मर्यादेत ठेवणारा चार्जर, हवाच. नाहीतर ती अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) सतत जास्त करंट ओढते आणि तो तापतो.

जंपर केबल लावताना क्रम असा : लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला; काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. ठिणगी पडते ती या शेवटच्या जोडणीला, आणि बॅटरीपाशी हायड्रोजन असू शकतो, म्हणून ती लांब. काढताना बरोबर उलट क्रम.

प्रश्न : घाट उतरताना जळका वास आला आणि ब्रेकचा पॅडल मऊ लागला. गाडी थांबवून चाकांवर पाणी ओतलं. बरोबर केलं का?

उत्तर : थांबलात ते बरोबर, पाणी ओतलंत ते चूक. तापलेली डिस्क अशाने वाकते किंवा तडकते. अर्धा-पाऊण तास नुसती उभी ठेवायची. हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकामागे दगड लावायचा. पॅडल मऊ लागला म्हणजे बहुधा ब्रेक ऑइल उकळून आत वाफ झाली. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत येऊ शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या, अर्ध्यात नव्हे.

शिवाय भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. चार माणसं, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर सायकली आणि खुर्च्या. मागचा ॲक्सल त्याच्या मर्यादेबाहेर केव्हा गेला, हे डोळ्यांना कळत नाही. प्यायचं पाणी ठेवून बाकी टाकी मुक्कामाजवळ भरा.

प्रश्न : ओल्या गवतात पुढची चाकं रुतली. ढकलून उपयोग झाला नाही.

उत्तर : चाक जागीच फिरू लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो. चाकापुढची माती फावड्याने उतरती करा, खाली रबरी मॅट सरकवा, हवा २० पीएसआयच्या आसपास आणा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघा. मॅटच्या रेषेत कोणी उभं राहू नये, ती गोळीसारखी मागे उडते. पक्क्या रस्त्यावर आल्यावर लगेच हवा भरा.

प्रश्न : थंडी फार असली तर रात्री गॅसची शेगडी मंद ठेवली तर चालेल?

उत्तर : नाही, खिडकी किलकिली ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. त्याचा अलार्म बसवा. फरशीतली जाळीही बोळे कोंबून बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तिथूनच बाहेर पडतो.