‘डाय’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सर, मी आयटीआयला फिटर ट्रेड केला. अप्रेंटिसच्या मुलाखतीत ‘डाय म्हणजे काय?’ असं विचारलं. मी म्हणालो, आटे पाडायचं हत्यार. ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणून मला परत पाठवलं. तिथे प्रेस शॉप (यंत्राच्या दाबाने पत्रा कापायचा विभाग) होतं. आता पुन्हा दोन वर्षं घालून टूल अँड डाय मेकर ट्रेड करू का?

उत्तर : तुझं उत्तर बरोबर होतं. टॅपने भोकाच्या आत आटे पाडायचे, डायने सळईवर, हे फिटरच्या बाकड्यावर शंभर टक्के खरं. तुला तसं बोललं गेलं, याचं मलाही वाईट वाटलं.

पण शॉप बदललं की डाय बदलते. फोर्जिंगमध्ये तापून लाल झालेलं पोलाद दोन डायांमध्ये दाबतात. डाय कास्टिंगमध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने डायमध्ये भरतात. तार कारखान्यात डाय म्हणजे निमुळतं भोक, त्यातून तार ओढून बारीक करायची. आणि प्रेसवर पंच (पत्रा दाबून कापणारं हत्यार) वर, डाय खाली, मधे पत्रा.

प्रेसची डाय नीट समजून घे, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न तिथलाच येतो. साधा वॉशर घे. बाहेरची चकती कापताना चकती आपल्या कामाची, म्हणून डाय चकतीच्या मापाची ठेवायची आणि पंच क्लिअरन्सएवढा (पंच-डायमधल्या ठरावीक फटीएवढा) लहान. आतलं भोक पाडताना उलट : पंच भोकाच्या मापाचा, डाय थोडी मोठी. एकाच वॉशरमध्ये दोन्ही नियम! क्लिअरन्स बिघडला किंवा धार गेली की कडेला बर (धारदार, खरखरीत कंगोरा) येते.

पुन्हा आयटीआय करू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. फायलिंग, मायक्रोमीटर, फिटिंग तुझ्या हातात आहेच. टूलरूममध्ये, म्हणजे डाय बनवतात-दुरुस्त करतात तिथे, डाय जुळवताना तेच लागतं. म्हणून अप्रेंटिसशिप प्रॉडक्शन लाइनवर न शोधता टूलरूममध्ये शोध. तुझा धाकटा भाऊ वगैरे दहावीला असेल तर त्याला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा ४ वर्षांचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा जरूर सांग.

पुढच्या वेळी हाच प्रश्न आला तर आधी विचार, ‘सर, आट्यांची डाय की प्रेसची?’ आणि त्याआधी घरातला एखादा वॉशर व्हर्नियरने मोजून पंच-डायची चारही मापं कागदावर मांडून बघ. अडलं तर तो कागद मला पाठव.