फी भागिले बेंचवरचे तास

तुमचं वय २९, नोकरी चालू आहे आणि दागिने घडवणं व धातुकाम यांची चार वर्षांची पदवी करायची आहे. साठवलेल्या पैशांत निम्मी फी भागते, उरलेल्या निम्म्यासाठी कर्ज काढावं का, असं विचारलंत. शिका, जरूर शिका. पण सगळी बचत फीत ओतून वर कर्ज काढायला माझा नकार आहे.

व्याजदर १० टक्के धरू. शिकताना काहीच भरलं नाही आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिसळत गेलं, तर १०० चे चार वर्षांत १४६ होतात. ते पुढे सात वर्षांच्या हप्त्यांत फेडताना एकूण २०४ हातून जातात. शिकतानाच दरमहा व्याज भरलंत तर तोच आकडा १८० च्या आसपास थांबतो. आणि हप्त्याची तारीख ठरलेली असते, कारागिराच्या कमाईची नसते.

खरी अडचण पुढेच आहे. तुम्ही फी, राहणं, प्रवास सगळं मांडलंत, धातू मात्र विसरलात! सुरुवातीचे धडे तांब्या-पितळेवर होतील, ते स्वस्तात निभावेल. मग ९२.५ टक्क्यांची चांदी येते आणि पदवीनंतर ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. सोन्याचा हिशेब आणखी निराळा. चांदीत १० ग्रॅमची झालेली अंगठी त्याच साच्यातून १८ कॅरेटमध्ये ओतली की १५ ग्रॅमच्या आसपास भरते, कारण सोनं मुळातच जड. म्हणून सोन्याचं काम ऑर्डर आणि आगाऊ रक्कम हातात आल्यावरच घ्यायचं. कानशीचा कीस धातूनुसार वेगळा साठवा, तो शुद्धीकरणाला देऊन बरेच पैसे परत मिळतात. न विकलेला हार वितळवला तर धातूची किंमत येते, पण त्यात घातलेले दिवस गेले ते गेलेच. मी धातूला खर्च म्हणत नाही, अडकलेलं भांडवल म्हणतो. तुमच्या योजनेत त्या भांडवलासाठी एक पैसाही उरत नाही.

पदवी कुठे उपयोगी पडते? पुढे शिकवायचं असेल किंवा मोठ्या कंपनीत डिझायनर व्हायचं असेल तर. दुरुस्तीच्या बेंचवर (बेंच म्हणजे कारागिराचं कामाचं मेज), म्हणजे अंगठीचं माप बदलणं, खड्याची झिजलेली पकड पुन्हा उभारणं अशा कामात, प्रमाणपत्र कोणी फारसं पाहत नाही, हात पाहतात. (नव्या दागिन्यांपेक्षा हे काम कमी दिमाखाचं, पण जास्त नियमित.) ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे वितळू लागते आणि कडक डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवायचा मिश्रधातू, त्या तापमानाच्या जेमतेम खाली वाहतो. ती वेळ नजरेला कळायला तासन्‌तास टॉर्चसमोर, म्हणजे गॅसच्या ज्योतीसमोर, बसावं लागतं. तेव्हा फीला वर्षांनी नव्हे, बेंचवरच्या तासांनी भागा. एखादा एक वर्षाचा डिप्लोमा या भागाकारात चार वर्षांच्या पदवीला सहज मागे टाकू शकतो.

माझी मांडणी अशी: बचतीचा एक तृतीयांश भाग अवजारं आणि धातूसाठी बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. त्यातून करवत, कानशी, टॉर्च, फ्लेक्स शाफ्ट (लवचिक दांड्याचं, हातात धरून फिरवायचं छोटं ड्रिल) घ्या. पत्रा दाबायचं रोलिंग मिल जुनं मिळालं तर उत्तम, नीट जपलेलं यंत्र पिढ्या काढतं. ओतकामाची यंत्रं मात्र विकत घेऊ नका, ते काम बाहेरून करून घेता येतं. उरलेल्या बचतीत आधी डिप्लोमा, तोही जमल्यास नोकरी सांभाळून.

पदवीच हवी असेल तर पदवीच्या आणि डिप्लोमाच्या अशा दोन्ही संस्थांत जाऊन विचारा: एका बेंचवर किती विद्यार्थी, वर्गाच्या वेळेबाहेर कार्यशाळा किती तास उघडी, धातू फीत धरलाय का, खडे बसवणं शिकवतात का. हे आकडे मला कळवा, मग कर्ज किती काढायचं ते बोलू.