मुंबईच्या दमट हवेत कुत्र्यासाठी घरीच बिस्किटे भाजली, तर ती टिकतील का?

नक्की टिकतील, फक्त ती पुरेशी वाळवायला हवीत. एक वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडे एकत्र करून घट्ट गोळा मळावा. मीठ, साखर, गूळ यांतले काहीही घालू नये. जाडसर पोळी लाटून नखाएवढे तुकडे कापावेत आणि १६० अंश सेल्सिअसवर साधारण अर्धा तास भाजून, ओव्हन बंद केल्यावरही तासभर आतच राहू द्यावेत. आत ओल राहिलेले बिस्किट मुंबईच्या पावसाळ्यात पाहता पाहता बुरसते, म्हणून मी प्रत्येक घाण्यातला एक तुकडा मोडून पाहते: कट् असा आवाज आला तरच तो डब्यात जातो आणि डबा फ्रिजमध्ये.

मनुके, चॉकलेट, कांदा आणि लसूण कटाक्षाने टाळावेत. मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते. पीनट बटर घालायचे असल्यास त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही याची खात्री करावीच, कारण ते थोडेसे पोटात गेले तरी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

असा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. गहू सोसत नसेल, तर सगळे पीठ नाचणीचेच घ्यावे. मात्र ती पोळी लाटताना तुटते, तेव्हा भाकरीसारखी हातानेच थापावी.