पिझ्झा उलटा करून बघा

पिझ्झाची जागा शोधावी कशी आणि पारखावी कशी, यावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: नव्या ठिकाणी गेलो की आम्ही चौघं चार वेगळे पिझ्झा मागवतो. पोट भरतं, पण जागा चांगली की वाईट ते ठरत नाही. काय मागवलं तर अंदाज येईल?

शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत तरी साधं हवं. चौघांत एक मार्गरिटा मागवाच. यादीत मरिनारा असेल तर आणखी बरं. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढंच असतं. चीज नसल्यामुळे कच्च्या पिठाला आणि भडक सॉसला लपायला जागा उरत नाही. इटलीत नेपल्समधल्या ‘दा मिकेले’ या पिझ्झाच्या दुकानाचं (सुरुवात 1870) नाव झालं ते या दोन पिझ्झांवरच. सहा प्रकारचं टॉपिंग घातलेल्या पिझ्झावरून कळतं ते एवढंच, की टॉपिंग भरपूर होतं.

पिझ्झा समोर आला की फोटोच्या आधी सुरीच्या टोकाने कड उचला आणि तळ बघा. तपकिरी-काळे विखुरलेले ठिपके आणि मधे फिकट पीठ असं दिसलं, तर पिझ्झा थेट तापलेल्या दगडावर भाजला आहे. तळ एकसारखा पांढुरका असेल तर भट्टीची फरशी थंड होती, वरून चीज कितीही छान दिसो. जाळीची नक्षी उमटलेली असेल तर पिझ्झा धातूच्या जाळीवर ठेवून भाजला आहे. सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमध्ये हे नेहमीचंच, दोष म्हणून धरू नका, पण ‘आमची दगडी भट्टी’ अशी पाटी बाहेर लावली असेल तर मात्र धरा. तळावर बोट फिरवून काळपट भुकटी हाताला लागली, तर ते लाटताना वापरलेलं कोरडं पीठ झटकलं न गेल्याने जळलं आहे. कडवट चव त्याचीच असते. लोक उगाच ‘जास्त भाजला’ म्हणतात.

मग एक तुकडा मधोमध आडवा कापून बाजूने बघा. काठाच्या आत लहानमोठी, वेडीवाकडी भोकं दिसली तर पीठ नीट आंबलं आहे आणि हाताने थापलं आहे. सगळी भोकं बारीक आणि काठ घट्ट असेल, तर पीठ कमी आंबलं आहे किंवा लाटण्याने त्यातली हवा काढून टाकली आहे. आता सॉसच्या लगेच खाली नजर टाका. तिथे चकचकीत, खळीसारखा एक थर दिसतो का? सुरीने सॉस खरवडून काढा आणि तो थर बोटाने दाबा. ओला असला तरी सच्छिद्र असेल तर तो सॉसने भिजला आहे, हरकत नाही. बोटाला चिकटला तर पीठ कच्चं आहे. याची कारणं साधारण चार: फ्रिजमधला थंड गोळा तसाच थापला, सॉस जास्त झाला, कच्च्या भाज्यांना पाणी सुटलं, किंवा गर्दीत एकामागून एक पिझ्झे घालताना फरशीला पुन्हा तापायला वेळच दिला नाही. चौथं कारण सगळ्यात जास्त भेटतं. म्हणून पहिली भेट गर्दी नसताना द्या आणि पसंत पडलं तर दुसरी भर गर्दीत. शांत वेळी पिझ्झा उत्तम आणि गर्दीत कच्चा येत असेल तर माणूस जाणकार आहे, भट्टी अपुरी आहे.

शेवटचा तुकडा मुद्दाम दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि मग खा. गरम चीज बरंच काही झाकतं. थंड झाल्यावर चांगल्या बेसची चव पावासारखी लागते, वाईट बेस चामड्यासारखा ओढावा लागतो.

प्रश्न: स्वतःला ‘नेपोलिटन’ म्हणवणाऱ्या एका ठिकाणी पिझ्झाच्या मधोमध पाणी साचलं होतं आणि कडेला काळे डाग होते. ‘हा असाच असतो’ असं उत्तर मिळालं. खरं का?

अर्धं खरं. नेपल्सच्या पद्धतीचे नियम कागदावर आहेत. तिथली ‘असोचियात्सिओने वेराचे पिझ्झा नापोलेताना’ ही संघटना 1984 पासून ते सांभाळते आणि 2010 मध्ये युरोपीय संघानेही या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदणी दिली. युरोपीय नियमांप्रमाणे व्यास जास्तीत जास्त 35 सेंटिमीटर, फुगलेला काठ 1 ते 2 सेंटिमीटर, भट्टी 485 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि भाजायचा वेळ 60 ते 90 सेकंद. दीड मिनिटात टोमॅटो आणि ताज्या चीजमधलं पाणी आटणार तरी किती? त्यामुळे मध्यभाग मऊ राहतो, तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं. हे पद्धतीतच आहे आणि त्यासाठी तिथे काटा-सुरी देतात.

पण पिझ्झा मऊ असणं वेगळं आणि ताटलीत तळं होणं वेगळं. चीजभोवती पांढरट पाण्याचं कडं दिसलं तर मोझरेला निथळलेलं नव्हतं. ते आधी चिरून काही तास चाळणीत ठेवावं लागतं. म्हशीच्या दुधाच्या मोझरेलाला तर फारच पाणी सुटतं. ही आळशीपणाची खूण आहे, परंपरेची नाही.

काळ्या डागांचंही तसंच. बिबट्याच्या कातडीवर असतात तसे बारीक, सगळीकडे पसरलेले ठिपके हवेत. एकच बाजू कोळसा झाली असेल तर पिझ्झा वेळेवर फिरवला नाही. काठ काळा आणि तळ पांढरा असेल तर जाळ मोठा होता, पण फरशी पुरती तापली नव्हती. भट्टी घाईने पेटवली की असं होतं. जाता जाता: लाकडाचं फार कौतुक करू नका. महत्त्वाचा आहे तो ताव. त्या संघटनेने काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांनाही मान्यता दिलेली आहे.

प्रश्न: प्रवासात इंटरनेटवरचं रेटिंग बघून जातो आणि हमखास फसतो. दुसरा मार्ग काय?

रेटिंगमध्ये वेटरचं हसू, खिडकीतलं दृश्य आणि पार्किंगसुद्धा मोजलं जातं. आकडा सोडा, ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा, तेही अलीकडचे आधी. एकाच साध्या पिझ्झाचे आठ-दहा फोटो शोधा. दहाही सारखे दिसले तर हात बसलेला आहे. एक सुंदर आणि बाकीचे पांढरेफटक, तर तुमच्या वाट्याला बहुधा पांढराच येईल. मग यादी बघा. चाळीस पिझ्झे, शिवाय पास्ता आणि बर्गर असतील तर भट्टीपेक्षा फ्रीजर मोठा असणार. दारात उभं राहून आत ओढणारा माणूस आणि ऊन लागून निळे पडलेले फोटो दिसले की पुढची गल्ली पकडावी.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: पीठ किती वेळ आंबवता? उत्तर चटकन आलं पाहिजे. आकडा मोठा म्हणून पिझ्झा चांगला, असं नाही. युरोपीय नियमात पहिल्यांदा 2 तास आणि गोळे केल्यावर 4 ते 6 तास एवढंच आहे. ‘72 तास’ ही अनेकदा पाटीवरची फुशारकी असते; फ्रिजमध्ये जास्त राहिलेलं पीठ ढिलं पडतं आणि बेस चपटा होतो.

खरी फसगत होते ती चुकीच्या मापाने मोजल्यामुळे. रोममध्ये नेपल्सचा फुगीर काठ शोधू नका. तिथला गोल पिझ्झा लाटण्याने पातळ लाटलेला असतो आणि दाताखाली कटकन मोडला पाहिजे. तिथेच ‘अल तालियो’ दुकानांत आयताकृती पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात. किती हवा ते हाताने दाखवायचं, आणि ट्रे भट्टीतून नुकता आलेला असेल तो निवडायचा. न्यूयॉर्कचा स्लाइस गॅसच्या भट्टीत नेपल्सपेक्षा पुष्कळ कमी तापमानावर, जास्त वेळ भाजतात आणि चीज कमी ओलाव्याचं घेतात. म्हणून तो दुमडल्यावर टोक ताठ राहायला हवं. काउंटरवरचा स्लाइस पुन्हा गरम करून देतात, यात गैर काही नाही, उलट तळ अधिक कुरकुरीत होतो. फक्त चीजवर साय धरल्यासारखी कातडी आली असेल तर तो फार वेळचा आहे. अमेरिकेतल्याच न्यू हेवनमध्ये ‘प्लेन’ मागवला तर मोझरेला येत नाही, ते ‘मूट्स’ (मोझरेलाचं तिथलं नाव) म्हणून वेगळं सांगावं लागतं. डेट्रॉइटचा पिझ्झा चौकोनी पोलादी साच्यात होतो, चीज थेट साच्याच्या भिंतीला टेकवतात आणि तिथे जी तपकिरी कुरकुरीत झालर होते तीच त्याची परीक्षा. कोपऱ्याचा तुकडा आधी उचला. शिकागोच्या खोल पिझ्झात चीज खाली, सॉस वर, आणि भाजायला अर्धा तास तरी लागतो. दहा मिनिटांत आला तर तो आधीच भाजून ठेवला होता.

प्रश्न: इटलीत शाकाहारी माणसाने यादी वाचताना काय सांभाळावं?

‘पेपेरोनी’ म्हणजे तिथे ढोबळी मिरची. अमेरिकेतलं त्या नावाचं सलामी हवं असलेले लोक नेमके इथे फसतात, तुमचं काही बिघडत नाही. मरिनारात नावामुळे मासे वाटतात, पण नसतात. उलट ‘नापोली’ नावाच्या पिझ्झावर अँकोव्ही मासे असतात, आणि खुद्द नेपल्समध्ये तोच बहुधा ‘रोमाना’ नावाने मिळतो. ‘आलिची’ किंवा ‘अच्चूगे’ हे शब्द दिसले की समजा मासे आहेत. पार्मिजानो-रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, तेव्हा चालत नसेल तर ‘सेन्झा पार्मिजानो’ म्हणा. काही भागांत पिठात ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. तेही विचारून घ्या.

प्रश्न: घरपोच मागवलेल्या पिझ्झावरून जागेची पारख होते का?

नेपोलिटनची होत नाही. वाफ खोक्यात कोंडते आणि दहा-पंधरा मिनिटांत काठ रबरासारखा होतो. तो तिथेच बसून खायचा पिझ्झा आहे. न्यूयॉर्क किंवा डेट्रॉइट पद्धतीचा बराच तग धरतो. मागवताना ‘न कापता द्या’ असं सांगा, कारण कापलेल्या रेषांमधून सॉस आणि तेल तळाखाली झिरपतं. खोक्याला वाफ जायला भोकं आहेत का तेही बघा. नसतील तर हातात आल्याबरोबर झाकण उघडा.

मत बनवण्याआधी एक तुकडा नीट गरम करा. जाड बुडाच्या कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर 2-3 मिनिटं, तळ कडक होईपर्यंत. मग तव्याच्या कडेला, पिझ्झापासून लांब, पाण्याचे चार-पाच थेंब टाकून लगेच झाकण ठेवा. मिनिटभरात चीज वितळतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात तर बेस आधी मऊ आणि मग चिवट होईल, आणि दोष दुकानाच्या नावावर जाईल.