ट्रॉम्ब्ली कुठून आले?

प्रश्न : आमच्या अमेरिकन सुनेचं माहेरचं आडनाव ट्रॉम्ब्ली. घराणं मूळ फ्रेंच म्हणतात. मूळ गावापर्यंत कसं पोहोचायचं?

उत्तर : हे आडनाव बहुधा 'त्रांब्ले'चं, म्हणजे क्वेबेक या कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावाचं, इंग्रजी वळणाचं रूप आहे. मूळ अर्थ अ‍ॅस्पेन झाडांची राई. तिथल्या त्रांब्ल्यांचा मूळपुरुष पिएर त्रांब्ले हा फ्रान्समधल्या, नॉर्मंडीच्या सीमेवरच्या पेर्श भागातल्या रांदोने गावचा. 1647 मध्ये तो करारावर मजूर म्हणून क्वेबेकला आला आणि 1657 मध्ये त्याने ओझान आशोंशी लग्न केलं. क्वेबेकमधले त्रांब्ले याच जोडप्याचे वंशज मानले जातात. पुढे वंशज क्वेबेकच्याच शार्लव्वा भागात पसरले, 1838 पासून सागने भागाकडे सरकले. एकोणिसाव्या शतकात क्वेबेकची असंख्य कुटुंबं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, कापड गिरण्यांत गेली. तिथल्या कारकुनांनी नाव कानावर पडलं तसं लिहिलं.

शोध सुनेपासून मागे न्या, पिएरपासून पुढे नको. आधी अमेरिकेतले दाखले, मग क्वेबेकच्या चर्चमधली लग्ननोंद. तिच्यात सहसा वधू-वर दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, आणि आईचं आडनाव माहेरचंच. त्यामुळे प्रत्येक लग्नातून एक पिढी मागे जाता येतं.

घोटाळा होतो तो सारख्या नावांमुळे. एकाच गावात तीन-तीन जोसेफ त्रांब्ले सापडतात. म्हणून एकट्या पुरुषाचं नाव कधीही धरू नका, नवरा-बायकोची जोडीच जुळवा. काही घराण्यांत 'दी' (फ्रेंचमधलं 'ऊर्फ') लावून दुसरं आडनावही चाले आणि पुढची पिढी तेवढंच वापरी. नोंद अचानक तुटली, तर तिथे हे तपासा.